भजनाच्या मुद्रणास मायक्रोफोन कोणता?

श्रोतेहो, दौलताबादेच्या वाटेवरील पडेगांवीं एखाद्या देवळांत भजन रंगलें आहे व तें मुद्रित करावयाचें आहे, असें समजा. गाणाराच्या शेजारींच पखवाज, मागें टाळकरी. मायक्रोफोन कोणता घ्यावा?

१९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजानचें गाणें मुद्रित झालें, तेव्हां हा प्रश्नच नव्हता. कर्ण्यांत मोठ्यानें गावें लागे. १९२५ पासून विजेचें मुद्रण आलें आणि हळुवार सुरासही स्थान मिळालें.

कंडेन्सर मायक्रोफोन श्वासदेखील टिपतो. शांत खोलींत, एकट्या गाणारास तो उत्तम. परंतु घुमणाऱ्या सभामंडपांत दूर ठेवल्यास टाळांचा झणत्कारच अधिक येतो. तेथें तोंडाजवळ धरण्याजोगा, समोरचेंच प्रामुख्यानें ऐकणारा डायनॅमिक बरा. तो पाठीमागून जवळजवळ बहिरा असतो. म्हणून पखवाजवाल्यास गाणाराच्या समोर, मायक्रोफोनच्या पाठीशीं बसवावें. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं ध्वनीचा दाब निम्मा होतो. तथापि फार जवळ नेल्यास खर्ज अवास्तव फुगतो. चार-सहा बोटें अंतर पुरे.

यंत्राची किंमत मागाहून पाहावी. आधीं कोण कोठें बसलें आहे तें पाहावें. यंत्र पुन्हा मिळेल. तें भजन पुन्हा तसेंच रंगेल, असें नाहीं.