हिशेबाचा तक्ता आणि संगणकाची परीक्षा



कामगार संघटनेच्या माणसाने सॉफ्टवेअरच्या चाचणीवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण आज आपल्या पगाराचा हिशेब कोण करतो? पूर्वी तो टाइमकीपर आणि कारकून करीत. हिशेब चुकला तर खिडकीपाशी जाऊन मस्टर उघडायला लावता येत असे. आता तो हिशेब संगणक करतो, आणि संगणकाला खिडकी नाही. म्हणून प्रोग्रामची परीक्षा कशी होते, हे ज्याच्या घामाचा हिशेब तेथे होतो त्याने समजून घेणे जरूर आहे.

प्रोग्राम तपासण्याची एक रीत गेल्या वीसेक वर्षांत रूढ झाली आहे. तिला वर्तनाधारित चाचणी म्हणता येईल. डॅन नॉर्थ या इंग्रज प्रोग्रामरने २००३ च्या सुमारास तिची मांडणी सुरू केली. प्रोग्राम आतून कसा बांधला आहे हे न विचारता तो बाहेर कसा वागला पाहिजे, हे साध्या वाक्यांत आधी लिहावयाचे. अमुक परिस्थिती असता, अमुक घडले म्हणजे, अमुक निष्पन्न व्हावे. अशा तीन पायऱ्यांच्या कथनाला आपण 'प्रसंग' म्हणू. प्रत्येक वाक्यामागे प्रोग्रामर थोडी संकेतलिपी जोडून ठेवतो. यंत्र वाक्य वाचते, त्यातील आकडे उचलते, खरा प्रोग्राम चालवून पाहते आणि उत्तर जुळले की नाही ते सांगते. २००८ साली निघालेले 'कुकुंबर' हे या कामाचे प्रसिद्ध साधन. त्यातील वाक्ये अनेक भाषांत लिहिता येतात, आणि त्यांत मराठीही आहे.

आता तक्त्याकडे येऊ. नियम वाक्यात सांगितला की तो स्पष्ट झाला, असा आपला समज असतो. १९४८ च्या कारखाना कायद्याचे ५९ वे कलम उदाहरणादाखल घ्या. त्याचा मूळ आशय असा होता की दिवसाला ९ तासांहून किंवा आठवड्याला ४८ तासांहून अधिक काम झाले, तर त्या जादा कामाची मजुरी दुप्पट दराने द्यावी. वाक्य सरळ दिसते. पण एका कामगाराने एक दिवस ११ तास आणि उरलेले पाच दिवस ८ तास काम केले, तर जादा तास किती? केवळ दिवस पाहिला तर २. केवळ आठवडा पाहिला तर एकूण ५१, म्हणजे जादा ३. दोन्ही पाहून बेरीज केली तर ५. एका वाक्यातून तीन उत्तरे निघाली! यांतले कोणते खरे, हे दोन्ही पक्षांनी ठरविले नाही तर एकटा प्रोग्रामर ठरवील. तेही आपण काही ठरवीत आहोत याची जाणीव नसताना.

हाच नियम तक्त्यासह असा लिहितात :

परिदृश्य रूपरेखा : आठवड्याचे जादा तास
जर कामगाराने एक दिवस <मोठा दिवस> तास काम केले
आणि उरलेले पाच दिवस रोज <रोजचे> तास काम केले
जेव्हा आठवड्याचा हिशेब होईल
तेव्हा जादा तास <जादा> निघावेत

उदाहरण :
| मोठा दिवस | रोजचे | जादा |
| ८ | ८ | ० |
| ११ | ७ | २ |
| ९ | ९ | ६ |
| ११ | ८ | ३ |

टोकदार कंसातील नाव म्हणजे रिकामी जागा. यंत्र तक्त्याची एकेक ओळ घेऊन त्या जागा भरते आणि सारा प्रसंग पहिल्यापासून चालविते. ओळी चार, म्हणून परीक्षाही चार. त्यांतली एक नापास झाली तरी बाकीच्यांचा निकाल वेगळा कळतो.

या चार ओळी उगाच निवडलेल्या नाहीत. पहिली ओळ बरोबर ४८ तासांच्या हद्दीवर उभी आहे. दुसरीत आठवडा ४६ तासांचाच आहे. केवळ आठवडा मोजणारा प्रोग्राम येथे पकडला जातो. तिसरीत एकही दिवस ९ तासांपुढे गेलेला नाही, पण आठवडा ५४ तासांचा झाला; केवळ दिवस मोजणारा येथे सापडतो. चौथी ओळ तेच दोन तास दोनदा मोजणाऱ्याला अडविते. जी ओळ कोणतीही नवी चूक पकडीत नाही, ती तक्त्यात नसावी. शंभर ओळींचा तक्ता कोणी वाचीत नाही, आणि न वाचलेला तक्ता हा न वाचता सही केलेल्या करारासारखाच होय.

तक्त्याचा दुसरा प्रकारही आहे, आणि नवशिके या दोहोंत घोटाळा करतात. कधी एकाच वाक्याखाली तक्ता जोडतात : 'कामगाराची हजेरी पुढीलप्रमाणे असता', आणि खाली सोमवार ते शनिवार सहा ओळी. येथे प्रसंग सहा वेळा चालत नाही. सहा ओळी मिळून हजेरीचे एक पान होते, ते सगळे पान त्या एका वाक्याला दिले जाते, आणि परीक्षा एकच होते. ओळखण्याची खूण सोपी आहे. एक ओळ खोडली असता बाकीच्यांचे उत्तर बदलत असेल, तर तो वाक्याखालचा तक्ता. प्रत्येक ओळ स्वतंत्र उभी राहत असेल, तर तो उदाहरणांचा तक्ता.

दोहोंनाही काही पथ्ये लागू आहेत. उत्तराशी संबंध नसलेला रकाना ठेवू नये. जादा तासांच्या तक्त्यात कामगाराचे गाव आणि जन्मतारीख घातली, तर वाचणाऱ्याची नजर भलतीकडे जाते. रकान्याचे नाव कामाच्या जागी जो शब्द चालतो तेच असावे. रिकामा रकाना म्हणजे शून्य की माहितीच नाही, हे आधी ठरवावे. गैरहजेरी आणि न नोंदलेली हजेरी यांतला फरक आपल्याला कोणी शिकवावयास नको.

ही काळजी कशासाठी, असे कोणी विचारील. कॅनडाच्या केंद्र सरकारने २०१६ साली 'फिनिक्स' नावाची पगारव्यवस्था सुरू केली. तिला ८०,००० हून अधिक वेतननियम सांभाळावयाचे होते. हजारो कर्मचाऱ्यांना कमी पगार मिळाला, काहींना जास्त मिळाला आणि मग वसुली लागली, तर काहींना पगारच मिळाला नाही. तेथील महालेखापरीक्षकांच्या २०१८ च्या अहवालात नमूद आहे की, सुरू करण्यापूर्वीची प्रायोगिक चाचणीच रद्द करण्यात आली होती. केवळ तक्ते नव्हते म्हणून हे घडले, असे मी म्हणणार नाही. कारणे अनेक होती. पण परीक्षा टाळली की तिची किंमत कोणाच्या घरच्या चुलीतून वसूल होते, ते यावरून कळते.

तक्त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. सगळ्या ओळी उत्तीर्ण झाल्या याचा अर्थ लिहिलेल्या ओळी उत्तीर्ण झाल्या, एवढाच. जी ओळ लिहिलीच नाही, तिच्याविषयी यंत्र मूग गिळून बसते. रात्री १० ला लागून सकाळी ६ ला सुटणारी पाळी कोणत्या दिवसाच्या खाती? साप्ताहिक सुटीच्या दिवशी बोलावले तर? हे प्रश्न टेबलाशी बसलेल्या प्रोग्रामरला सुचतीलच असे नाही. पाळी करणाऱ्याला ते सांगावे लागत नाहीत.

म्हणून माझे मागणे एवढेच आहे. वेतनकराराला परिशिष्ट जोडण्याची आपली पद्धत आहे. त्या परिशिष्टात असा उदाहरणांचा तक्ता जोडावा, आणि तोच तक्ता पगाराच्या प्रोग्रामची परीक्षा म्हणून चालवावा. तो भरताना मालकाचा माणूस, प्रोग्रामर आणि पाळीवरचा कामगार हे तिघे समोरासमोर बसावेत. प्रोग्राम वाचावयाला शिक्षण लागते. तक्त्याची ओळ वाचावयाला बेरीज येत असली म्हणजे पुरे. ज्याला बेरीज येते त्याने आपल्या हिशेबाची ओळ दुसऱ्याला भरू देऊ नये.