चिंबईच्या काठावरचं सेंट अँड्र्यू चर्च

वांद्र्याचा हिल रोड पश्चिमेला संपत येतो, तिथे चिंबई कोळीवाड्याजवळ सेंट अँड्र्यू चर्च उभं आहे. पोर्तुगीज अमलात, १५७५ साली, जेझुइट धर्मगुरूंनी ते स्थापन केलं. वांद्र्यातला हा सर्वांत जुना धर्मग्राम. फादर मॅन्युएल गोम्स यांच्या काळात इथल्या कोळ्यांनी मोठ्या संख्येने बाप्तिस्मा घेतला. येशूच्या बारा शिष्यांपैकी अंद्रिया हा गालील सरोवरावरचा मासेमार. कोळ्यांच्या चर्चला त्याचंच नाव मिळालं. ३० नोव्हेंबर हा त्याचा सण.

समुद्राच्या इतक्या जवळ बांधलेल्या वास्तूला वादळाशी झुंजावंच लागतं. मे १६१८ च्या चक्रीवादळाने उत्तर कोकणात हाहाकार उडवला. या चर्चचीही पडझड झाली आणि ते पुन्हा उभारलं गेलं.

खरी कसोटी लागली ती मराठ्यांच्या वसई मोहिमेत. वांद्रे ज्या बेटावर आहे त्या साष्टीत मराठे उतरले, तेव्हा वांद्र्याचा किल्ला आणि डोंगरावरचं मोत माउलीचं (माउंट मेरीचं) प्रार्थनास्थळ शत्रूच्या हाती पडून त्याच्या तोफांना आसरा मिळू नये, म्हणून पोर्तुगीजांनीच ती दोन्ही पाडली. जेझुइटांचं सेंट अ‍ॅन कॉलेजही त्या धामधुमीत नाहीसं झालं. मे १७३९ मध्ये वसई पडली. वांद्र्यात चर्च उरलं ते हे एकच.

मग ज्यांची छपरं गेली होती, त्यांना इथे जागा मिळाली. मोत माउलीची मूर्ती काही वर्षं याच चर्चमध्ये होती. डोंगरावरचं प्रार्थनास्थळ १७६० च्या सुमारास पुन्हा बांधून झालं आणि ती परत गेली. तेव्हा साष्टीवर मराठ्यांची सत्ता होती, हे विशेष लक्षात ठेवण्यासारखं. कॉलेजचा सुमारे १७ फूट उंचीचा क्रूसही इथल्या आवारात आला. एकाच दगडातून घडवलेल्या या क्रूसावर येशूच्या दुःखसहनाची चिन्हं कोरलेली आहेत. कारागिराची छिन्नी किती तयारीची होती, हे तो जवळून पाहिल्यावर कळतं.

किल्ला आणि कॉलेज सत्तेच्या आधाराने उभे होते, सत्तेबरोबर गेले. हे चर्च गावाच्या आधाराने उभं होतं. पोर्तुगीजांनंतर मराठे आले, १७७४ मध्ये इंग्रज आले, तरी मिस्सा, लग्नं, बारशी आणि दफनविधी त्याच गावकऱ्यांचे होत राहिले. १८८७ पासून उत्तर कोकणातले हे ख्रिस्ती लोक स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवतात. लग्नाआधी विहिरीवरून वाजतगाजत उंबराचं पाणी आणणं, नव्या पिकाचा आगेरा साजरा करणं, घरात मराठीची आपली बोली बोलणं, हे सारं त्यांनी जपलं.

आज चिंबई, रानवार, शेर्ली ही गावठाणं उंच इमारतींच्या विळख्यात आहेत. चर्चच्या भिंतींची निगा राखली जाईलच. पण ज्या वस्तीने ते साडेचारशे वर्षं जिवंत ठेवलं, ती वस्ती उठली तर वारशाचा अर्धा भाग गेलाच म्हणायचा. म्हणून जतनाच्या आराखड्यात चर्चइतकंच गावठाणही असायला हवं.