आठवड्याला ३५० डॉलर आणि एक मोठं आडनाव

समजा, डिग्रीचं एक वर्ष बाकी आहे आणि ज्या फील्डमध्ये जायची स्वप्नं पाहिलीत तिथूनच ऑफर आली. अट एकच, कॉलेज सोडून लगेच जॉइन व्हायचं. काय कराल? घरच्यांचं उत्तर तुम्हाला आणि मलाही पाठ आहे. पण ही ऑफर पुन्हा येईल याची गॅरंटी कोण देणार?

माइक यास्ट्रेम्स्की या अमेरिकन बेसबॉलपटूला अशी ऑफर दोनदा आली आणि दोन्ही वेळा त्याने नकार दिला.

आधी थोडं बेसबॉलबद्दल. मेजर लीगमध्ये ३० क्लब आहेत. दर वर्षी ते ड्राफ्ट करतात, म्हणजे शाळा-कॉलेजातल्या खेळाडूंमधून फेरीफेरीने आपापली माणसं निवडतात. पहिल्या फेरीतल्यांना कोट्यवधींचा बोनस मिळतो, शेवटच्या फेऱ्यांमधल्यांना नावापुरता. २००९ मध्ये माइक हायस्कूलमधून बाहेर पडत होता तेव्हा बॉस्टन रेड सॉक्सने त्याला ३६व्या फेरीत निवडलं. ही टीम म्हणजे त्याच्या आजोबांचं घरच. कार्ल यास्ट्रेम्स्की याच क्लबकडून सलग २३ सीझन खेळले. १९६७ मध्ये बॅटिंग अ‍ॅव्हरेज, होम रन आणि रन्स बॅटेड इन या तिन्ही यादींत ते लीगमध्ये टॉपला होते. या पराक्रमाला ट्रिपल क्राउन म्हणतात. असं आडनाव असताना आणि आजोबांच्याच क्लबचं बोलावणं असताना पोरगा गेला कुठे, तर नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीत, शिकायला.

तिथे तो आउटफिल्डर म्हणून खेळला. आउटफिल्डर म्हणजे मैदानाच्या मागच्या मोकळ्या भागात उभे राहणारे तिघं. उंच उडालेल्या बॉलमागे धावायचं, थ्रो लांबून अचूक करायचा आणि शिवाय बॅटिंगही दणकून करायची. २०११ मध्ये व्हँडरबिल्टची टीम पहिल्यांदाच कॉलेज वर्ल्ड सीरिजला पोचली, तेव्हा माइक त्या टीममध्ये होता. तिसऱ्या वर्षानंतर, २०१२ मध्ये, सिअ‍ॅटल मरिनर्सने त्याला ३०व्या फेरीत निवडलं. पुन्हा नाही. चौथं वर्ष पूर्ण करून २०१३ मध्ये बाल्टिमोर ओरिओल्सने १४व्या फेरीत घेतलं, तेव्हा कुठे त्याने सही केली.

इथे पिक्चर संपायला हवा ना? आयपीएलच्या लिलावात नाव आलं की पोरगं काही महिन्यांत टीव्हीवर दिसतं. बेसबॉलमध्ये ड्राफ्ट झालेला खेळाडू गायबच होतो, कारण तो जातो मायनर लीगमध्ये. ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशा पायऱ्या, प्रत्येक पायरीवर छोट्या गावातली वेगळी टीम आणि रात्र-रात्र बसचा प्रवास. माइकने अ‍ॅबरडीनपासून सुरुवात केली आणि २०१४ च्या एकाच सीझनमध्ये तीन पायऱ्या चढून तो बोवीच्या डबल-ए टीमपर्यंत पोचला. बोवी ते बाल्टिमोर हे अंतर गाडीने तासाभराचंही नाही. ते पार करायला त्याला पाच वर्षं पुरली नाहीत. ट्रिपल-एला चढायचं, पुन्हा डबल-एला उतरायचं, असं सापशिडीसारखं चाललं होतं.

आणि पैसे? तेव्हा डबल-एमध्ये आठवड्याला किमान पगार होता ३५० डॉलर, ट्रिपल-एमध्ये ५०२. तोही फक्त सीझनच्या पाचेक महिन्यांचा. २०१९ मध्ये मेजर लीगचा वर्षाचा किमान पगार ५ लाख ५५ हजार डॉलर होता. एका पायरीचा हा फरक! क्लबला असा स्वस्तात थांबून राहणारा खेळाडू परवडतो, थांबण्याची किंमत मात्र खेळाडूच मोजतो. मायनर लीगच्या खेळाडूंनी २०१४ मध्ये पगारासाठी कोर्टात धाव घेतली, २०२२ मध्ये १८.५ कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि २०२३ मध्ये त्यांच्या युनियनचा पहिला करार झाला. त्या करारात २०२३ साठी ट्रिपल-एमध्ये वर्षाला किमान ३५,८०० डॉलर ठरले. माइकची मायनरमधली वर्षं तोवर उलटून गेली होती.

२०१८ चं साल तर बघाच. ओरिओल्सने त्या सीझनमध्ये १६२ पैकी ११५ मॅचेस हरल्या. मॅनी मचाडोसारखा स्टार सीझनच्या मध्यावर दुसऱ्या क्लबला दिला. जागा रिकामी, हरण्यासारखं काही उरलेलं नाही, तरीही माइकला बोलावणं नाही. म्हणून 'मेहनत करत राहा, फळ मिळतंच' असल्या रील्ससाठी ही गोष्ट वापरू नका, प्लीज. मेहनत तो आधीपासून करतच होता.

बदल झाला तो क्लब बदलल्यावर. मार्च २०१९ मध्ये, सीझन तोंडावर असताना, ओरिओल्सने मायनर लीगमधल्या एका पिचरच्या बदल्यात त्याला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सला देऊन टाकलं. पेपरात कोपऱ्यातली बातमी. सॅक्रामेंटोच्या ट्रिपल-ए टीमसाठी त्याने ४० मॅचेसमध्ये १२ होम रन ठोकले आणि जायंट्सना तेव्हा आउटफिल्डरची गरज होती. २५ मे २०१९ ला, वयाच्या २८व्या वर्षी, माइक मेजर लीगमध्ये उतरला. ऑगस्टमध्ये अ‍ॅरिझोनाविरुद्ध एकाच मॅचमध्ये तीन होम रन, आणि सीझनअखेर १०७ मॅचेसमध्ये २१. पुढच्याच वर्षी नॅशनल लीगच्या सर्वोत्तम खेळाडूसाठीच्या मतदानात तो आठवा आला.

या कुटुंबात आणखी एक आउटफिल्डर होता. कार्ल यांचा मुलगा, आपल्या माइकचे वडील. त्यांचंही नाव माइकच. तेही कॉलेजकडून खेळले, तेही ड्राफ्ट झाले, मायनर लीगमध्ये ट्रिपल-एपर्यंत चढले. आणि तिथेच थांबले. मेजर लीगची एकही मॅच त्यांच्या नावावर नाही. वडील होम रनचे बादशहा, मुलगाही पुढे तिथेच, आणि मधला माणूस एका पायरीने राहिला. २००४ मध्ये ते गेले, तेव्हा माइक १४ वर्षांचा होता. पुढच्या वाटचालीतलं त्यांना काहीच पाहायला मिळालं नाही. या सगळ्यात मला सगळ्यात जास्त तेच आठवत राहतात. ट्रिपल-एच्या बसमध्ये बसलेल्या बहुतेकांची गोष्ट त्यांच्यासारखीच असते, फक्त त्यांच्यावर कोणी फीचर लिहीत नाही.

१७ सप्टेंबर २०१९ ला जायंट्स बॉस्टनला, फेनवे पार्कवर खेळायला आले. आजोबांचं मैदान. मॅचआधी आजोबा आणि नातू आउटफिल्डमध्ये एकत्र फिरले. चौथ्या इनिंगमध्ये माइकने नेथन इव्हॉल्डीचा बॉल सेंटर फील्डच्या भिंतीपलीकडे मारला. मॅच १५ इनिंग लांबली, जायंट्स ७-६ ने जिंकले. दुसऱ्या दिवशी मॅचआधीचा मानाचा पहिला बॉल टाकायला ८० वर्षांचे कार्ल मैदानात आले. बॉल पकडायला समोर माइक होता.