पोटांतल्या बाळाची चाहूल

संस्कृतांत गर्भिणीला ‘दौहृदिनी’ असें एक नांव आहे. जिच्या ठायीं दोन हृदयें ती दौहृदिनी. चौथ्या महिन्यांत गर्भाचें हृदय व्यक्त होतें व त्याच्या इच्छा आईच्या द्वारें प्रगट होतात, असें सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत म्हटलें आहे. आपल्या घरोघरचे डोहाळे त्याच कल्पनेंतले. डोहाळे आपण हौसेनें पुरवितों. परंतु त्या दुसऱ्या हृदयाची खबर आई सांगूं लागली कीं तिकडे काणाडोळा करितों.

पहिलटकरणीला बाळाची हालचाल बहुधा १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास जाणवूं लागते. २८ आठवड्यांनंतर प्रत्येक बाळाची एक रीत ठरते व ती आईलाच ठाऊक असते. बाळ मधून मधून २० ते ४० मिनिटें झोपतें, त्याची काळजी नको. परंतु वारेतून मिळणारा प्राणवायु कमी पडूं लागला म्हणजे तें आपली शक्ति राखूं लागतें आणि हालचाल मंदावते. शंका वाटल्यास आईनें डाव्या कुशीवर निजून मोजावें. दोन तासांत १० हालचाली न भरल्यास, किंवा न मोजतांच फरक स्पष्ट जाणवत असल्यास, त्याच घटकेला इस्पितळ गांठावें.

चाळीस वर्षांपूर्वीं, नवव्या महिन्यांत, एका सायंकाळीं आमच्या सौभाग्यवतींनीं ‘आज बाळ गप्प आहे’ असें सांगितलें. मातोश्री म्हणाल्या, “आतां त्याला जागा पुरत नाहीं गं, म्हणून हलत नाहीं.” आम्हींहि मान डोलविली. दुसरे दिवशीं दुपारीं इस्पितळांत गेलों, तों हृदयाचे ठोके थांबलेले होते. त्याच रात्रीं गेलों असतों तर बाळ वाचतेंच, असें कोणीं सांगावें? परंतु ती रात्र आम्हीं दवडली, हें खरें. जागा पुरत नाहीं म्हणून बाळ गप्प होतें, हा समज खोटा आहे. शेवटीं हालचालीची तऱ्हा बदलेल; ती कमी होतां कामा नये.

गर्भाचे ठोके नळीनें ऐकूं येतात, हें केरगाराडेक या फ्रेंच वैद्यानें १८२१ सालीं पॅरिसच्या वैद्यकसभेपुढें मांडलें. आज यंत्र निदान २० मिनिटें ठोके कागदावर उमटवितें. मिनिटास ११० ते १६० ठोके असावे, आणि तेवढ्या वेळांत निदान दोनदां ते १५ नें वाढून १५ सेकंद तरी टिकावे. न वाढल्यास घाबरूं नये. बाळ झोपलेलेंहि असेल. मग सोनोग्राफीनें हालचाल, अवयवांचा ताठपणा, श्वासाची क्रिया व भोंवतालचें पाणी पाहतात. या चारांस व ठोक्यांच्या आलेखास प्रत्येकीं २, अशी ही १० गुणांची परीक्षा. ८ वा १० गुण पडले व पाणी पुरेसें असलें म्हणजे बहुधा निश्चिंत राहावें. घरीं विकत आणलेल्या डॉपलर यंत्रावर मात्र विसंबूं नये. आईचीच नाडी ऐकूं येऊन खोटें समाधान होतें.

घरांतील वडील मंडळींस आमची एवढीच विनंति आहे. सुनेनें वा लेकीनें ‘बाळ गप्प आहे’ म्हटलें कीं रात्र, अमावास्या, घरचे पाहुणे, कांहींएक पाहूं नये. सर्व ठीक आहे असें ऐकून ती परतली, तर फेरा फुकट गेला असेंहि कोणीं म्हणूं नये. तिनें पुन्हां सांगितलें, तर पुन्हां न्यावें.