परसातील संकरित आंबा : पहिली तीन वर्षे

होटगी व आसपासच्या गावांतील बागाईतदार बंधू आम्हांस वारंवार विचारतात की, पीच, प्लम, जर्दाळू यांसारखी आठळीची फळे आपल्या परसात होतील काय? त्या झाडांस फुलोऱ्यावर येण्यापूर्वी हिवाळ्याची कडक थंडी दीर्घकाळ लागते. ती काश्मीर व हिमाचल या डोंगराळ प्रांतांत मिळते. सोलापूरच्या पठारावर मिळत नाही. परंतु वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने आंबा हेही आठळीचेच फळ होय, आणि त्यास आमची उष्ण हवा मानवते. तेव्हा परक्या फळाचा हव्यास सोडून संकरित आंब्याची दोनचार कलमे नीट वाढविणे हेच हिताचे होय.

एका जातीच्या फुलास दुसऱ्या जातीचा पराग देऊन जी नवी जात निपजते, तिला संकरित जात म्हणतात. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रात नीलम व हापूस यांच्या संकरापासून रत्ना ही जात तयार झाली व १९८१ साली प्रसृत झाली. पुढे रत्ना व हापूस यांच्या संकरापासून १९९२ साली अतिशय पातळ कोयीची सिंधू ही जात मिळाली. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेने नीलम व दशेरी यांपासून मल्लिका व आम्रपाली या दोन जाती काढल्या. रत्नाच्या फळात हापुसाप्रमाणे साका होत नाही. आम्रपालीचे झाड ठेंगणे असल्यामुळे ८ फुटांच्या अंतरावरही लावता येते व दरवर्षी फळते. लहान परसास तीच सोईची.

मात्र या फळांची कोय पेरली असता तीच जात उगवेल असे नाही. म्हणून कलमच घ्यावे लागते. आणि कलम म्हणजे एका बुंध्यावरील दोन झाडे होत. खाली रायवळ आंब्याचा खुंट, वर संकरित जातीची काडी. या दोहोंत खुंट अधिक काटक असतो, ही गोष्ट विसरल्याने काय होते ते आम्ही स्वतः भोगले आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही आम्रपालीचे एक कलम लावले. पहिल्याच उन्हाळ्यात कामाच्या गर्दीत त्यास सावली करावयाची राहून गेली. वरची काडी जळाली व जोडाखालून जोमदार फूट निघाली. झाड वाचले, या आनंदात आम्ही तिलाच खतपाणी घालीत राहिलो. सहाव्या वर्षी फळ आले, ते आंबट व रेषाळ! घरातील मुले ज्या आंब्याची वाट पाहत होती तो लावणीच्या पहिल्याच वर्षी मेला होता. दोष ना रोपाचा, ना रोपवाटिकेचा; तो सर्वस्वी आमचा होता. झाड पुन्हा लावता आले, पण गेलेली सहा वर्षे परत आली नाहीत.

यास्तव पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. उन्हाळ्यात ३ फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन तो उन्हात तापू द्यावा. काळ्या चिकण जमिनीत पाणी मुरत नाही व मुळे कुजतात. म्हणून निचऱ्याची जागा निवडावी आणि खड्डा पोयटा माती व चांगले कुजलेले शेणखत यांनी भरावा. पावसाळ्याच्या आरंभी लावणी करावी. कलमाचा जोड जमिनीच्या वर वीतभर राहिलाच पाहिजे. जोडावरील पट्टी खोडात रुतण्यापूर्वी सोडावी व काठीचा आधार द्यावा.

जोडाखाली जी फूट दिसेल ती कोवळी असतानाच खुडून टाकावी. दर पंधरा दिवसांनी एकदा वाकून पाहणे एवढेच हे काम आहे. पण हेच टळते.

पहिले दोन उन्हाळे दक्षिण व पश्चिम या अंगांस तुराट्यांचा किंवा कडब्याचा आडोसा करावा. आळ्यात पाणी द्यावे, परंतु ते बुंध्यास लागून साचू देऊ नये. वर पाचटाचे आच्छादन घालावे व वाळवी लागत नाही ना, ते पाहावे. आमच्याकडील चुनखडीच्या जमिनीत कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे लोहाच्या उणिवेचे लक्षण होय. अशा वेळी पाणी वाढवू नये. हिराकस शेणखतात मिसळून द्यावा.

झाड अडीच फुटांचे झाले म्हणजे शेंडा खुडून चोहोबाजूंस तीनचार फांद्या राखाव्यात.

आता शेवटची व सर्वांत अवघड गोष्ट. कलमास पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षीच मोहोर येतो. तो पाहून मालकाचे मन हरखते, घरची मंडळी तो राहू द्या म्हणतात. तरीही पहिली तीन वर्षे तो खुडलाच पाहिजे. फळ पोसण्यात कोवळ्या झाडाची शक्ती खर्च होते, फांद्या व मुळे दुबळी राहतात, आणि एखाद्या कडक उन्हाळ्यात ते झाड उभेच वाळते. दोन फळांच्या लोभाने पुढील अनेक वर्षांचे उत्पन्न घालविणे हा व्यवहार नव्हे.

नवे कलम लावून आम्हांस दोन वर्षे झाली. यंदा त्यास मोहोर आला होता. तो आम्ही मुलांच्या देखत खुडला व का खुडला हेही त्यांस समजावून सांगितले. आमच्या वाचकांनीही हा संयम राखावा, एवढीच विनंती.