पंप थांबला आणि रहाट आठवला

३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा आणि रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड, दापोली या तालुक्यांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची कौले उडाली आणि विजेचे खांब ओळीने कोसळले. तारा पडलेल्या झाडांत गुंतल्या. कित्येक वाड्यांना वीज परत मिळायला आठवडे लागले. त्या दिवसांत पंचनाम्याच्या निमित्ताने दापोली तालुक्यात आमची रोजची पायपीट होती. पंचनामा बागेचा असे, पण बोलणे निघे ते घरातले.

एका वाडीत पडलेल्या पोफळी मोजून ओटीवर टेकलो होतो. सहज म्हणालो, "आजी, रात्री अंधाराचा त्रास होत असेल."

"अंधाराचं काय घेऊन बसलात, भाऊसाहेब? आमचं अर्धं आयुष्य चिमणीवर गेलं. पाण्याचं बोला."

विहीर परसातच होती, पाणीही होते. पण पंप बसवला तेव्हा रहाट काढून टाकलेला. दोर नाही, पोहरा नाही. टाळेबंदीमुळे मुंबईची मुले-नातवंडे गावी आलेली, घरात आठ माणसे आणि गोठ्यात दोन म्हशी. धाकटी सून बादलीला नायलॉनची दोरी बांधून सकाळपासून पाणी शेंदत होती. तिने हात पुढे केले, दोन्ही तळवे फोडांनी भरले होते. पंप बसवा म्हणून गावोगाव सांगत फिरणाऱ्यांत मीही होतो. रहाट काढू नका, असे मी कुणाला एकदाही म्हटल्याचे आठवत नाही.

हिशेब करून पाहा. माणशी २५ लिटर म्हटले तरी आठ माणसांना २०० लिटर. दुभत्या म्हशीला दिवसाला सुमारे ५० लिटर, म्हणजे दोघींचे १००. एकूण ३०० लिटर, म्हणजे १५ लिटरच्या २० बादल्या, त्याही रोज. हे काम एकट्या सुनेच्या अंगावर टाकायचे नाही. घरातल्या पुरुषांनी सकाळी गोठ्याचे पाणी आधी काढून द्यावे.

पंप असला तरी विहिरीवर रहाटाचे चाक, जाड काथ्याचा दोर आणि पोहरा हवाच. नायलॉनची बारीक दोरी हात कापते. चाक वर्षातून दोनदा तेल घालून फिरवून बघावे आणि दोर उंदरांपासून दूर, आढ्याला टांगून ठेवावा. विहिरीला कठडा नसेल तर मुलांना एकटे पाठवू नये.

पावसाळा सुरू झाला असेल तर पागोळ्यांखाली पिंपे लावा. पहिल्या सरीचे पाणी सोडून द्यावे, पुढचे फडक्यातून गाळून भांडी-धुण्याला आणि गुरांना वापरावे. तेवढाच विहिरीवरचा भार हलका होतो.

वादळात विहिरीत पालापाचोळा पडतो, कधी मेलेला पक्षीही. तो काढून पाणी शुद्ध करून घ्यावे. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याला त्याच आकड्याने गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा आणि शेवटी ७८५ ने. आले तितके लिटर पाणी. व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल तर सुमारे २८ हजार लिटर. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर, म्हणजे येथे ७० ग्रॅम. पावडर ताजी हवी, डबा उघडा राहिला तर तिचा जोर जातो. बादलीत थोड्या पाण्यात ती कालवून मग पाणी वाढवावे, दहा मिनिटे निवळू द्यावे आणि वरची निवळी विहिरीत सोडून पोहऱ्याने पाणी ढवळावे. तळाचा चुना विहिरीत टाकू नये. हे रात्री केले की सकाळी पाणी भरता येते. पिण्याचे पाणी तरीही उकळून घेतलेले बरे.

पाण्यानंतर पीठ. त्या दिवसांत विजेची गिरणी बंद, म्हणून भाकरी बंद आणि दोन्ही वेळा भातच. काही घरांत जाते होते, पण टाकी लावून वर्षे झालेली. गुळगुळीत जात्यावर तांदूळ नुसता फिरतो, दळला जात नाही. मृगाआधी पंधरा दिवसांचे पीठ दळून ठेवणे हा सोपा उपाय. दूध मात्र थांबत नाही. डेअरीची गाडी आली नाही तर दूध दोन्ही वेळा तापवावे, उरलेले विरजून ताक-लोणी करावे.

घरात इन्शुलिन घेणारे कुणी असेल तर आधी त्याची सोय बघावी. दोन मडक्यांमध्ये ओली वाळू भरून कुपी गार ठेवण्याची युक्ती देशावरच्या कोरड्या हवेत चांगली चालते. कोकणात पावसाळ्यात हवाच ओली, त्यामुळे गारवा फारसा येत नाही. वापरात असलेली कुपी उन्हापासून आणि चुलीपासून दूर ठेवून साधारण चार आठवडे चालते. तरी कुपीसोबतचा कागद वाचून डॉक्टरांना विचारावे. न उघडलेल्या कुप्या जिथे फ्रीज चालू असेल तिथे पोचवाव्यात.

अंधाराचे भय आजींना नव्हते, मला मात्र मण्यारीचे आहे. ती रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखणेही फारसे होत नाही, म्हणून लक्षात येत नाही. खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपावे. दंश झाल्यास आवळून बांधणे, कापणे, मांत्रिक, काही नको. सरळ दवाखाना. घरातला एक मोबाईल यासाठी भरलेला ठेवावा, तो गाण्यांना वापरू देऊ नये. रॉकेल आता सहज मिळत नाही, तेव्हा सौरकंदील घेऊन ठेवावा.

भाड्याचे जनित्र आणले तर ते अंगणात, खिडकीपासून लांब ठेवावे. त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो आणि बंद खोलीत माणूस झोपेतच जातो. जनित्राची वायर घराच्या बोर्डात खुपसू नये. वीज उलटी तारेत जाते आणि खांबावर चढलेला वायरमन मरतो.

बागेत पडलेली तार मेलेली आहे असे कधी धरू नये. गुरे तिकडे सोडू नयेत. वीज येणार असे कळले की पंपाचा स्टार्टर बंद ठेवावा. आल्यावर तिन्ही फेज नीट आहेत का ते पाहूनच मोटार चालू करावी. त्या वर्षी एका फेजवर चालवून मोटारी जाळलेले दोन-तीन बागायतदार मला भेटले, आणि मोटार दुरुस्त होऊन येईपर्यंत त्यांच्या घरी पुन्हा दोरी-बादलीच होती.