नेमबाजीतील अंगस्थिती

दिनांक १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्निल कुसाळे याने ५० मीटर रायफल तीन स्थिती या स्पर्धेत ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक पटकाविले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा हा तरुण एका शिक्षकाचा मुलगा होय. अंतिम फेरीत गुडघा टेकून नेम साधल्यानंतर तो सहावा होता, पालथे पडून साधल्यानंतर पाचवा, आणि उभ्या स्थितीत त्याने तिसरा क्रमांक गाठला. तेव्हापासून खेड्यापाड्यांतील मुले आपल्या गुरुजींपाशी बंदुकीचा हट्ट धरू लागली असल्यास नवल नाही.

बंदूक शाळेत आणावयाची नाही, हे प्रथमच स्पष्ट असावे. नेमबाजी अधिकृत मैदानावर, प्रशिक्षित मार्गदर्शकाच्या देखरेखीखालीच व्हावयाची. तथापि मुलास तेथे घेऊन जाणाऱ्या शिक्षकाने काय पाहावे, हे जाणून घेणे अगत्याचे आहे. बंदूक रिकामी असली तरी ती भरलेलीच समजावी, नळीचे तोंड लक्ष्याकडेच असावे, आणि नेम लागेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावे. शाळेत काठी घेऊन सराव करतानाही हेच नियम पाळावेत. काठीवर लागलेली सवय बंदुकीवर टिकते.

नेम चुकला की मूल कागदाकडे पाहते आणि शिक्षकही कागदाकडेच पाहतात. मग ‘नीट धर!’ अशी आज्ञा सुटते, मूल बंदूक अधिकच आवळते, स्नायू थरथरतात आणि पुढचा नेम आणखी दूर जातो. अखेर ‘याची नजरच कच्ची’ असा शेरा मिळून एखादे गुणी मूल घरी बसते. शिक्षकाने कागदाकडे पाठ करून मुलाकडे पाहावे. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो. नळीचे टोक एक मिलिमीटर हलले तरी छर्रा सुमारे सेंटिमीटरभर बाजूला पडतो. एवढी स्थिरता स्नायूंच्या बळाने येत नाही. बंदुकीचा भार हाडांवरून जमिनीत उतरला पाहिजे.

पुढील वर्णन उजव्या हाताने नेम धरणाऱ्या मुलाचे आहे. पालथ्या स्थितीत डावे कोपर जवळजवळ बंदुकीखाली येते व पट्टा भार पेलतो. उजवा गुडघा किंचित वर ओढला की पोट जमिनीवर दाबले जात नाही आणि श्वास मोकळा राहतो. गुडघा टेकताना उजव्या पायाच्या घोट्याखाली गुंडाळी ठेवून टाचेवर बसावे. डावे कोपर डाव्या गुडघ्याच्या वाटीवर टेकविल्यास हाडावर हाड घसरते. म्हणून ते वाटीच्या थोडे पुढे किंवा मागे टेकवावे. उभ्या स्थितीत पट्ट्याची मुभा नसते. येथे डावी बाजू लक्ष्याकडे करून डावे कोपर बरगडीला लावून कमरेच्या हाडावर विसावते. दंडाच्या जोराने बंदूक उचलून धरणारे मूल चटकन ओळखू येते, कारण त्याचा डावा खांदा कानाकडे चढलेला असतो. मान मात्र तिन्ही स्थितींत ताठ व सैल असावी; गाल दस्त्यावर आणावयाचा, डोके खाली खुपसावयाचे नाही.

यानंतर सर्वांत महत्त्वाची परीक्षा. मुलाने नेम धरून डोळे मिटावेत, दोन-तीन श्वास घ्यावेत आणि अंग सैल सोडून डोळे उघडावेत. नेम बाजूला सरकला असेल, तर अंग स्वभावतः तिकडे वळलेले आहे. अशा वेळी मूल हाताने बंदूक ओढून ठिपक्यावर आणते, आणि चाप दाबताच हात पुन्हा मूळ जागी जाऊ पाहतो. येथे हात न हलवता पाया हलवावा: उभ्या स्थितीत पावले सरकवावीत, पालथ्या स्थितीत डावे कोपर जागीच ठेवून कंबर फिरवावी. ही परीक्षा काठीने वर्गातही घेता येते व मुलांना तिची गंमत वाटते.

श्वास सोडल्यावर जो स्वाभाविक विराम येतो, त्यातच चाप सरळ मागे ओढावा. सहा-आठ सेकंदांत नेम सुटला नाही तर बंदूक खाली घ्यावी. बंदूक खाली घेणाऱ्या मुलास शाबासकी द्यावी. हे धैर्य मोठ्या खेळाडूंनाही कष्टाने साधते. नेम सुटल्यावर क्षणभर तसेच स्थिर राहावे. मग कागद पाहण्यापूर्वी ‘कोठे लागला?’ असे विचारावे आणि मुलाचे उत्तर वहीत टिपावे. उत्तर व कागद जुळू लागले की मूल स्वतःची चूक स्वतः ओळखू लागले, असे समजावे.

स्पर्धेतील एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते. लहान मुलाच्या हाती एवढे ओझे देऊन त्यास उभे करणे घातक आहे, कारण भार तोलण्यासाठी पाठ मागे वाकते व कण्यावर ताण येतो. प्रारंभी बंदूक स्टँडवर टेकवून, थोडा वेळच सराव घ्यावा. पाठ दुखते असे मुलाने सांगितल्यास तो दिवस तेथेच थांबवावा आणि मार्गदर्शकाच्या कानावर घालावे. स्पर्धा तोंडावर आली असली तरीही.